वेळीच घेतलेली हरकत

प्राणहिता नदीच्या पश्चिमेस, अरण्याच्या कुशीत वसलेले बेज्जूर आज तेलंगणातील आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि १९५६ पूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद राज्याचा भाग होता. राज्यपुनर्रचनेच्या वेळी जवळचे राजुरा व किनवट हे तालुके मराठी प्रदेशात आले. बेज्जूर, शिरपूर, आसिफाबाद तिकडेच राहिले. त्यामुळे या पट्ट्यात तेलुगू, गोंडी आणि मराठी या तिन्ही भाषा एकाच बाजारात कानी पडतात. येथील माणसावर एखादा गंभीर फौजदारी खटला उभा राहिला, तर तो आसिफाबादेस चालतो आणि त्यावरील अपील हैदराबादच्या उच्च न्यायालयात जाते. नदी ओलांडली की खटला गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात चालतो आणि अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येते. राज्ये दोन, कामकाजाच्या भाषा दोन. परंतु खटला कसा चालवावा हे सांगणारा कायदा दोन्ही तीरांवर एकच आहे.

या कायद्याविषयी सर्वसामान्य माणसाच्या मनात एक समज घट्ट रुजलेला असतो. खालच्या न्यायालयात काही चुकले, कोणी अन्याय केला, तरी हरकत नाही. वरच्या न्यायालयात सारे सांगता येईल, असे त्याला वाटते. हा समज अर्धा खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच माणसे बुडतात. अपील न्यायालयापुढे साक्षीदार पुन्हा उभा राहत नाही. त्याचा चाचरलेला शब्द, वकिलाने उभे राहून केलेला विरोध, न्यायाधीशांनी हातानेच केलेली ‘पुढे चला’ ही खूण, यांतील काहीही वर पोचत नाही. वर जातो तो कागद: साक्षींची टिपणे, निशाण्या घातलेले दस्तऐवज, अर्ज, त्यांवरील आदेश, रोजनामा आणि निकालपत्र. जे या कागदांत नाही, ते घडलेच नाही असे धरून अपील न्यायालयास चालावे लागते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५३७ होते. १९७३ च्या संहितेत त्याचेच कलम ४६५ झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ५११ म्हणून आले आहे. आकडे बदलले, आशय फारसा बदलला नाही. खटल्याच्या कामकाजात एखादी चूक, उणीव किंवा अनियमितता राहिली, एवढ्यावरून निकाल रद्द होत नाही. त्या चुकीमुळे न्यायाची हानी झाली असेल, तरच तो रद्द होतो. आणि हानी झाली की नाही हे ठरविताना न्यायालयाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची असते. ही हरकत याआधीच्या टप्प्यावर घेता आली असती काय, आणि ती घ्यावयास हवी होती काय? या एका प्रश्नाने कित्येक अपिलांचे भवितव्य ठरले आहे.

अमेरिकेतील नियम याहून कडक आहे. तेथे वकिलाने त्या क्षणी उठून आक्षेप नोंदविला नाही, तर तो मुद्दा सामान्यतः कायमचा गेला. अगदी ढळढळीत आणि गंभीर चूक असेल तरच वरचे न्यायालय लक्ष घालते. भारतीय कायदा इतका निष्ठुर नाही. तो न बोलणाऱ्याचे तोंड कायमचे बंद करीत नाही. मात्र त्याच्या मौनाचे वजन करतो, आणि ते वजन बहुधा आरोपीच्या विरुद्ध पडते.

हे वजन कसे करावे याचा पाठ ज्या निकालाने घालून दिला, त्याचा संबंध नागपूरशी आहे. १९५३ साली जबलपूर येथे एका तरुणाचा डोक्यात हॉकीची काठी बसून मृत्यू झाला. विली स्लेनी आणि त्याचा भाऊ यांच्यावर, समान हेतूने खून केला असा दोषारोप ठेवण्यात आला. भाऊ सुटला, स्लेनीला जन्मठेप झाली आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाने ती कायम केली. मग सर्वोच्च न्यायालयात असा मुद्दा निघाला की, दोषारोप दोघांच्या समान हेतूचा होता. एकट्याने केलेल्या खुनाचा स्वतंत्र दोषारोप ठेवलाच नव्हता. सबब शिक्षा बेकायदा. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी निकाल लागला. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले विव्हियन बोस यांनी त्यात या विषयाचा मूळापासून विचार केला. त्यांच्या विवेचनाचे सार असे: खटल्यात शब्दांच्या साच्यापेक्षा आशय महत्त्वाचा. आपल्यावर काय आरोप आहे हे आरोपीला नीट कळले होते काय, आणि त्याला बचावाची पूर्ण संधी मिळाली काय, हे पाहावयाचे. ज्याच्या पाठीशी वकील होता आणि तरीही ज्याने वेळेवर तक्रार केली नाही, त्याचे मौन त्याच्याविरुद्ध जोराने बोलते. दोषारोपाचा आक्षेप स्लेनीला तारू शकला नाही. पुराव्याच्या गुणदोषांवर मात्र त्याचा अपराध खुनाचा न ठरता सदोष मनुष्यवधाचा ठरला आणि शिक्षा पाच वर्षांवर आली.

तरीही सर्व आक्षेपांची जात एक नसते, आणि हा भेद ठाऊक नसल्याने पुष्कळ घोटाळा होतो. काही दोष असे असतात की ते कोणी दाखवून दिले नाहीत तरी मरत नाहीत. ज्या दंडाधिकाऱ्यास एखादा आरोपी न्यायचौकशीस घेण्याचा अधिकारच नाही त्याने तो खटला चालविला, तर सारे कामकाज शून्यवत होते. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कायद्यानेच पुरावा म्हणून वर्ज्य आहे. बचावाच्या वकिलाने झोप काढली म्हणून तो ग्राह्य होत नाही.

उलट काही दोष अगदी अल्पायुषी असतात. जागेचा दोष हा त्यांपैकी एक आणि नदीकाठच्या लोकांनी तो विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. समजा, प्राणहितेच्या पात्रात मारामारी झाली. घटना अलीकडच्या हद्दीत घडली की पलीकडच्या, हा वाद खराच असू शकतो. पण खटला चुकीच्या जिल्ह्यात चालला, एवढ्याच कारणाने निकाल फिरविता येत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. न्यायाची हानी झाली हे दाखवावे लागते. आरंभी बोलला असता तर जो मुद्दा जड ठरला असता, तो शिक्षा झाल्यावर पिसासारखा हलका होतो.

दस्तऐवजांच्या बाबतीत हाच भेद अधिक बारकाईने पाळला जातो. एखादा कागद मुळातच पुराव्यात येऊ शकत नाही, ही एक हरकत झाली. कागद येऊ शकतो, पण तो ज्या पद्धतीने सिद्ध केला ती पद्धत चुकीची आहे, ही दुसरी. पहिली केव्हाही घेता येते. दुसरी मात्र कागदावर निशाणी पडण्यापूर्वीच घ्यावी लागते, कारण त्या वेळी हरकत घेतली असती तर समोरच्या पक्षाला उणीव भरून काढता आली असती. आजकाल बहुतेक खटल्यांत भ्रमणध्वनीवरील संभाषणांच्या याद्या पुढे येतात. अशा संगणकीय नोंदीसोबत कायद्याने प्रमाणपत्र जोडावे लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचे पुन्हा बजावले. ते वाचून एखाद्यास वाटेल की, प्रमाणपत्र नाही म्हणजे अपिलात विजय निश्चित. परंतु हरियाणातील अपहरण व खुनाच्या एका खटल्यात २०१७ साली त्याच न्यायालयाने आरोपींना सांगितले होते की, त्या याद्या दाखल होत असता तुम्ही गप्प राहिलात. प्रमाणपत्राची उणीव हा सिद्ध करण्याच्या पद्धतीचा दोष आहे. तो आता काढता येणार नाही.

भाषेचा प्रश्न तर बेज्जूरसारख्या गावाच्या उंबरठ्यावरच उभा आहे. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष होत असेल आणि तो स्वतः हजर असेल, तर ती साक्ष खुल्या न्यायालयात त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे, हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला, आरोपीच्या किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष, वाचून दाखवावी लागते. साक्षीदाराने एका भाषेत सांगितले आणि टिपण दुसऱ्या भाषेत झाले असेल व ती त्याला कळत नसेल, तर अर्थ सांगावा लागतो. साक्षीदार म्हणाला की अमुक वाक्य मी असे बोललो नाही, तर न्यायाधीश ते दुरुस्त करू शकतात किंवा त्याच्या आक्षेपाचे टिपण ठेवून स्वतःचा अभिप्राय जोडू शकतात. हे टिपण अपिलाच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचे. प्रत्यक्षात मात्र हे वाचन पुष्कळदा घाईत उरकले जाते आणि साक्षीदार सही करून मोकळा होतो. पुढे वाद निघतो तेव्हा काय होते? मद्रासमधील एका खटल्यात आरोपीने, आपल्याला साक्षीची भाषा कळत नव्हती, अशी तक्रार वर नेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ऐकली, पण त्याच्या बाजूने वकील उभे होते आणि त्या वेळी हरकत घेतली गेली नव्हती, हे पाहून ती अनियमितता निकाल मोडण्यास अपुरी ठरविली. हा निकाल १९६७ च्या निकालसंग्रहात छापला गेला आणि आजही त्याचा आधार घेतला जातो. ‘मला समजत नाही’ हे चार वर्षांनी सांगण्यापेक्षा पहिल्या साक्षीदाराच्या वेळीच सांगणे, आणि तोंडी नव्हे तर छोट्याशा अर्जाने सांगणे, यांतील अंतर असे कारावासाच्या वर्षांनी मोजले जाते.

नोंद कशी व्हावी याबद्दल खुद्द सर्वोच्च न्यायालयाचेही मत बदलत आले आहे. २००१ साली गुजरातमधील एका प्रकरणात त्याने सांगितले की, साक्ष चालू असता हरकतींवर वाद घालून खटला खोळंबवू नये; हरकत टिपून घ्यावी, कागदाला तात्पुरती निशाणी द्यावी आणि निर्णय अखेरीस करावा. हेतू चांगला होता. पण परिणाम असा झाला की, नको तो मजकूर टिपणांत साचत गेला आणि अखेरीस द्यावयाचा निर्णय पुष्कळदा राहूनच गेला. २० एप्रिल २०२१ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही पद्धत बाजूस सारली. हरकत साक्षीच्या टिपणात उमटलीच पाहिजे आणि तिचा निर्णय तत्काळ, अथवा फार तर त्या साक्षीदाराची साक्ष संपताना झाला पाहिजे, असा नियम त्याने आखून दिला आणि सर्व उच्च न्यायालयांना तो स्वीकारण्यास सांगितले. वकिलाने या नियमाचा आधार घेऊन नम्रपणे, पण ठामपणे नोंद मागावी, हे उचितच होय. नोंद झाली नाही तर त्याच दिवशी लेखी अर्ज किंवा पुरसिस देऊन ती रोजनाम्यात आणावी. कारण अर्ज नामंजूर झाला तरी तो नामंजुरीच्या शेऱ्यासह कागदपत्रांत राहतोच.

नोंद चुकीची झाली असेल तर? याचे उत्तर मुंबईतील एका गाजलेल्या प्रकरणात मिळते. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्यावरील फिर्यादीसंबंधात उच्च न्यायालयापुढे सरकारी वकिलांनी एक मुद्दा मान्य केल्याचे निकालपत्रात नमूद होते. पुढे सर्वोच्च न्यायालयात, तसे मान्य केलेच नव्हते, असे सांगण्याचा प्रयत्न झाला. २८ जुलै १९८२ च्या निकालात न्यायालयाने तो दरवाजा बंद केला. न्यायालयात काय घडले याविषयी न्यायाधीशांनी जे लिहिले तेच अंतिम. ते चुकले असे वाटत असेल, तर स्मृती ताजी आहे तोवर त्याच न्यायाधीशांकडे जाऊन दुरुस्ती मागावी. वरच्या न्यायालयात प्रतिज्ञापत्रे घालून खालच्या नोंदीशी भांडता येत नाही.

येथवर जे सांगितले ते वकील असलेल्या आरोपीचे. ज्याला वकीलच नाही, त्याने हरकत घ्यावी तरी कशी? हैदराबाद राज्यात तेलंगणच्या सशस्त्र उठावानंतर खास न्यायाधिकरणांपुढे खटले चालले आणि काहींना देहांताची शिक्षा झाली. आपल्याला वकील मिळाला नाही, ही त्यांची तक्रार १९५१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्या काळच्या न्यायालयाने, वकील नसल्याने खटला आपोआप शून्यवत होत नाही, हा विचार अपील ऐकणाऱ्या न्यायालयाने करावयाचा, अशी भूमिका घेतली. पस्तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, अरुणाचल प्रदेशातील सुक दास याच्या प्रकरणात ती भूमिका फार पुढे सरकली. वकील मागितला नाही म्हणून दिला नाही, हे समर्थन न्यायालयाने फेटाळले. निरक्षर माणसाला आपला हक्कच ठाऊक नसतो. तो मागण्याची वाट न पाहता न्यायालयाने त्याला तो सांगितला पाहिजे, असे म्हणून त्याची शिक्षा रद्द करण्यात आली. मौनाचे वजन करताना ते कोणाचे मौन आहे हे पाहावे, ही स्लेनी प्रकरणातील दृष्टी येथे पूर्णत्वास गेली असे म्हणता येईल.

या साऱ्या विचाराची कसोटी अलीकडे प्राणहितेच्या पलीकडच्याच न्यायालयात लागली. ऑगस्ट २०१३ मध्ये अहेरी येथे झालेल्या अटकांपासून एक खटला सुरू झाला. मे २०१४ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक गो. ना. साईबाबा यांना अटक झाली. आरोपी सहा, आरोप बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालचे, बंदी असलेल्या माओवादी संघटनेशी संबंध ठेवल्याचे. या कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे शासनाची मंजुरी असल्याखेरीज न्यायालयास गुन्ह्याची दखलच घेता येत नाही, आणि पुराव्याची स्वतंत्र छाननी झाल्यावरच ती मंजुरी द्यावयाची असते. साईबाबा यांच्यावर दोषारोप ठेवला गेला तो फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्यांच्याविषयीची मंजुरी मात्र ६ एप्रिल २०१५ ची. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप आणि एकास दहा वर्षांची शिक्षा दिली.

१४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने केवळ मंजुरीच्या मुद्द्यावर सर्वांना मुक्त केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, सर्वोच्च न्यायालयाचे पीठ बसले आणि त्याने त्या निकालास स्थगिती दिली. त्या वेळी त्याने जे प्रश्न विचारार्थ मांडले, ते या विषयाच्या गाभ्यालाच हात घालणारे होते. पुराव्यावरून दोष सिद्ध ठरल्यानंतर, कलम ४६५ लक्षात घेता, मंजुरीच्या दोषावर आरोपीला सोडता येते काय? खटल्यात ही हरकत स्पष्टपणे घेतली नसेल आणि कामकाज पुढे जाऊ दिले असेल, तर त्याचे परिणाम काय? १९ एप्रिल २०२३ रोजी त्याने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून अपिले नव्या पीठाकडे फेरविचारासाठी पाठविली, आणि मंजुरीचा मुद्दाही खुला ठेवला.

नव्या पीठाने ५ मार्च २०२४ रोजी निर्णय दिला. सहाही जणांच्या बाबतीत मंजुरी अवैध ठरविताना त्याने म्हटले की, कायद्याच्या अनिवार्य तरतुदी मोडून चालविलेला खटला हीच न्यायाची हानी होय. म्हणजे ज्या आक्षेपाचा पाया अधिकारातच आहे, त्याला कलम ४६५ च्या तराजूत घालण्याचे कारण नाही. मात्र हे पीठ तेवढ्यावर थांबले नाही. साईबाबा यांच्या घरातून झालेली जप्ती कायदेशीररीत्या सिद्ध झाली नाही, संगणकीय पुराव्याच्या सिद्धतेतही उणिवा आहेत, असे म्हणून त्याने गुणदोषांवरही आरोपींना निर्दोष ठरविले. जप्तीचा पंच खरोखर काय सांगत होता, वस्तू कोणी कोठे मोहोरबंद केली, हे प्रश्न सात वर्षांनंतर विचारता आले, ते उलटतपासणीची टिपणे कागदावर होती म्हणून. एका जुन्या खटल्यातील हरकत अशा रीतीने दोन पायांवर उभी राहिली. राज्य शासनाने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने स्थगिती देण्यास नकार दिला.

सहांपैकी एकजण ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे पहिल्या मुक्ततेच्या दोन महिने आधी, कारावासातच मरण पावला होता. उरलेले मार्च २०२४ मध्ये सुटले, आणि साईबाबा त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबाद येथे वारले.